बद्द वाजलेला खिळा

काजळी घोडी लंगडते आहे हे सकाळी साडेआठला कळलं आणि नऊच्या आत घरातलं एकही माणूस एका जागी बसलेलं नव्हतं. दादाने भट्टी पेटवली, तापवायला काहीही नसताना. आत्याने तीच चार भांडी दोनदा घासली. आबा ओट्यावर बसून हातोडीचा दांडा काचेच्या तुकड्याने तासत होते, मध्येच उठत होते, फाटकापर्यंत जाऊन परत येत होते. आणि आबांची धाकटी लेक बारकी सगळ्यांच्या वाटेत येत होती, कारण आपण नेमकं कुठे उभं राहावं हेच तिला सुचत नव्हतं.

फोन रायडिंग क्लबच्या सेक्रेटरींचा होता आणि तो दादाने घेतला होता. सेक्रेटरी चिडून बोलले असते तर बरं झालं असतं. ते अगदी गोड बोलले.

"घोडी डावा पुढचा पाय टेकत नाहीये. परवाच तुमच्याकडून नाल मारून आणलेत. डॉक्टरबाई तिला गाडीत घालून बाराला येतील. खिळा कुणाच्या हातचा, तेवढं त्यांना सांगा. तो माणूस यापुढे आमच्या घोड्यांना हात लावणार नाही. बाकीच्यांबद्दल आमची काही तक्रार नाही."

क्लबचे बेचाळीस घोडे. त्यांच्याशिवाय या नालबंदांकडे दूधवाल्याचा एक पांढरा घोडा होता आणि लग्नाच्या वरातीतले दोन. म्हणजे क्लबच्या घोड्यांना हात लावायचा नाही, याचा अर्थ हातोडी खाली ठेवायची, एवढाच होत होता.

दादाने मनातल्या मनात निकाल लावून टाकला होता. परवा तो भट्टीकडे तोंड करून नाल घडवत होता, घोडीकडे त्याची पाठ होती. पुढचे पाय आबांचे, मागचे बारकीचे, अशी वाटणी. पण दोनेक महिन्यांपासून आबा पुढच्या पायांचेही काही खिळे बारकीला मारू देत होते. म्हणजे खिळा बारकीचा. आबांचा हात चुकला असेल ही शंका दादाच्या डोक्यात शिरायला वाटच नव्हती. पंचेचाळीस वर्षं ज्याने हजारो खूर मांडीवर घेतले, त्याचा खिळा जिवंत मांसाला लागत नाही. विमा कंपनीतली चांगली खुर्ची सोडून वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी हातात कानस घेतलेल्या मुलीचा लागतो. तीन वर्षांपूर्वी त्याने हेच बजावलं होतं, तेव्हा आबांनी त्याला वेड्यात काढलं होतं.

तरी त्याने आबांच्या मागे उभं राहून विचारलं, "आबा, काजळीच्या डाव्या पायाचे आतले खिळे कुणी मारले?"

आबांनी दांड्यावरून हात फिरवला. मग मान वळवली, भट्टीकडे बघितलं आणि म्हणाले, "कोळसा वर आलाय का? फुकट जाळतोस."

"मी काय विचारतोय?"

आता आबांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "दोघांनी केली घोडी," ते म्हणाले आणि पुन्हा काच चालवू लागले.

दादाला हेच हवं होतं. लाडक्या लेकीला पदराखाली घ्यायचं असलं की आबांना कोळसा दिसतो. तो तणतणत आत गेला तर दारातच आत्या, आबांची थोरली बहीण, ओल्या हातांनी उभी.

"तुझ्या बापाला दहा हाका मारल्याशिवाय ओ देता येत नाही हल्ली," आत्या म्हणाली. "म्हातारपणी माज चढलाय."

हे ती सहा महिने म्हणत होती आणि कुणी मनावर घेतलं नव्हतं. या घराची बोलायची रीतच तशी. चार पिढ्या ऐरणीशेजारी काढल्यावर मीठ मागतानासुद्धा माणसं भांडल्यासारखी ओरडतात. जिथे सगळेच ओरडतात, तिथे कुणाला किती ऐकू येतं याचा पत्ता लागायचा कसा?

पत्ता एकटीला लागला होता, आणि ती पावणेदहाला फाटकातून आत आली.

वहिनी, म्हणजे दादाची बायको, वडिलांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी चार दिवस माहेरी गेली होती. पिशवी खाली ठेवायच्या आत आत्याने तिला सगळं सांगितलं. वहिनीने एकच प्रश्न विचारला.

"काजळीला धरून कोण उभं होतं?"

"क्लबचा मोतद्दार. का गं?"

"काही नाही," वहिनी म्हणाली, आणि पाण्याच्या पिंपाशेजारी खालीच बसली.

सोळा वर्षं या अंगणात घोडे धरायचं काम तिचं होतं. खुरात खिळा सरळ जात असला की प्रत्येक ठोका टणक वाजतो, खुराच्या वरच्या बाजूने टोक बाहेर पडेपर्यंत टणक. तो आत वळला, जिवंत भागाकडे निघाला, की आवाज बद्द होतो. ओल्या लाकडात खिळा मारल्यासारखा. तेव्हाच थांबून तो उपटायचा असतो. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, ऐकून ऐकून आलं होतं. आठ महिन्यांपूर्वी असाच एक खिळा बद्द वाजला आणि आबा थांबले नाहीत. तिने घाबरून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आबांनी वर बघितलं. तिला काय म्हणायचंय ते तिने म्हणायच्या आधीच त्यांना समजलं होतं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघवेना म्हणून तिने घोड्याकडे तोंड फिरवलं.

"घरात नको," एवढंच ते म्हणाले होते.

तेव्हापासून ती घोड्याच्या मानेशी उभी राहायची आणि आवाज बद्द झाला की त्यांच्या खांद्यावर एक बोट टेकवायची. आठ महिन्यांत अकरा वेळा. सासरा आणि सून यांच्यात इतका संवाद सोळा वर्षांत कधी झाला नव्हता, आणि त्यातला एकही शब्द बोललेला नव्हता. माहेरी जाताना तिने त्यांना समोर उभं राहून सांगितलंही होतं, की चार दिवस पुढचे पाय बारकीलाच करू द्या. त्यांनी मान डोलावली होती. ऐकलं मात्र नाही, आणि यावेळी कानांचा दोष नव्हता.

दादा तिला शोधत आला. "कळलं ना? बारकीने घाण करून ठेवलीय."

"तुम्ही पाहिलंत?"

"पाहायचंय काय त्यात? दुसरं कोण आहे?"

वहिनीच्या ओठांवर आलं होतं. पण हा माणूस आत्ता रागाच्या घोड्यावर बसला होता, आणि सांगितलं की तो तसाच ओट्यापर्यंत जाईल आणि आबांच्या हातातला दांडा काढून घेईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि गप्प राहिलं तर बारकी जाते. तिने पदराने मान पुसली.

"खिळे तर निघू देत आधी," ती म्हणाली.

बारकी तोवर मागच्या पडवीत जुन्या नालांच्या ढिगापाशी पोचली होती आणि कारण नसताना त्यांचे डावे-उजवे लावत होती. खिळा कुठला ते तिला डॉक्टरांच्या आधी माहीत होतं. आतल्या बाजूचा, दुसरा. परवा आबांना हातात खिळे देत ती त्यांच्या गुडघ्याशी बसली होती. डाव्या पायाचे सातही आबांनीच मारले. दुसऱ्याला दोन ठोके बद्द पडले. तिने ऐकले. तोंड उघडलंसुद्धा.

पण आबांच्या हातोडीवर कुणी बोलत नाही. आणि हा आवाज तिला शिकवला होता कुणी? आबांनीच, मेलेल्या घोड्याच्या खुरावर, तिला डोळे मिटायला लावून, आठवडाभर. आबा थांबले नाहीत म्हणजे आपल्यालाच भास झाला, असं तिने स्वतःला समजावलं. तिसऱ्या ठोक्याला टोक बाहेर आलं. तिने स्वतःच्या हाताने ते मुरगळून तोडलं आणि वरून कानस फिरवली. दोन दिवस ती घोडी तो खिळा घेऊन उभी होती.

आत्या चहा घेऊन आली. "तोंड का एवढंसं झालंय? तुझा असला तर आत्ताच सांगून मोकळी हो. मार तर कुणी देत नाही."

"आत्या, ऐकू येऊनही गप्प बसणाऱ्याला काय म्हणतात?"

"सून," आत्या म्हणाली. "चहा घे."

बारकीला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडूही, म्हणून तिने कप तोंडाला लावला.

बाराला पाच मिनिटं कमी असताना गाडी आली. काजळी फळीवरून खाली उतरली ती तीन पायांवर. डावा पुढचा पाय जमिनीला नुसता शिवायचा आणि पुन्हा वर. डॉक्टरबाईंनी खुराची पक्कड लावून चारी बाजूंनी दाबून बघितलं. आतल्या बाजूला दाब पडताच घोडीने सगळं अंग काढून घेतलं. पलीकडे दूधवाल्याचा पांढरा घोडा सकाळपासून तीन नाल मारलेला उभा होता. तोही बेचैन होऊन चौथा पाय आपटू लागला.

लंगड्या घोड्याचे खिळे अंगणात, सगळ्यांच्या देखत काढायचे, हा या घरचा नियम होता. पणजोबांच्या दोन मुलांनी एकमेकांवर दोष ढकलत बसून एक घोडा मरू दिला होता, तेव्हापासूनचा. एकेक खिळा काढायचा, ज्या क्रमाने मारला त्या क्रमाने पांढऱ्या ताटलीत मांडायचा, आणि शेवटचा निघेपर्यंत कुणी बोलायचं नाही. ज्यांच्यावर संशय असेल त्यांनी पक्कड धरायची नाही. म्हणून आज ती दादाने धरली. वहिनी घोडीच्या तोंडाशी, आबा पायाशी वाकून घोडीच्या गुडघ्याखालून हात फिरवत, आणि बारकी त्यांच्या पाठीमागे. आत्याने ताटली धरली होती.

बाहेरचे चार खिळे कोरडे निघाले, लखलखीत. आतला पहिलाही. दुसऱ्याला पक्कड लावताच काजळीने पाय हिसडला. दादाने "हो, हो, बाई," म्हणत तो पुन्हा मांडीत घेतला आणि हळू ओढला. टोक काळं होतं आणि ओलं. डॉक्टरबाईंनी तो नाकाशी नेला आणि ताटलीत आपल्या हाताने ठेवला. सातवा कोरडा निघाला, पण त्याच्याकडे कुणी बघितलंच नाही.

"आतला दुसरा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "वेळेवर सापडला, आठवड्यात चालायला लागेल. कुणाचा?"

"माझा," बारकी म्हणाली.

ती खाली बघून बोलली, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतकं स्पष्ट बोलली. दादाने पाय खाली ठेवला आणि पाठ सरळ केली. सकाळपासून हेच ऐकायचं होतं त्याला, आणि ऐकल्यावर मात्र तो पक्कड उगाच पुसत राहिला. त्याने आबांकडे पाहिलं. आबा घोडीचा पाय चोळत राहिले.

बारकीनेही आबांकडे पाहिलं होतं. त्यांच्या पाठीकडे. तिने त्यांच्यासाठीच हे अंगावर घेतलं होतं, आणि स्वतःशी खरं बोलायचं तर ते तिला घेऊ देणार नाहीत अशीच तिची खात्री होती. ते वळतील, एक शिवी घालतील, म्हणतील की गप्प बस. ते वळले नाहीत. तीन वर्षं जो बाप सगळ्या घराशी भांडून तिच्या बाजूने उभा राहिला, तो आज स्वतःच्या खिळ्यासाठी तिला सोडून देत होता. तिचे कान गरम झाले. यांना असंच हवं होतं तर मला शिकवलं कशाला, असं तिच्या मनात आलं आणि त्या विचाराचीच तिला भीती वाटली.

डॉक्टरबाईंनी पेनाचं टोपण काढलं.

वहिनी घोडीच्या कानांमधून हे सगळं बघत होती. बारकीचा चेहरा तिला दिसत होता आणि त्यावर काय चाललंय तेही. आणखी एक मिनिट आपण तोंड बंद ठेवलं तर या पोरीचे घोडे तर जातीलच, बापही जाईल. आणि त्या बापाला यातलं अक्षरही कळलेलं नसेल. तिने दोरी गाडीबरोबर आलेल्या मोतद्दाराच्या हातात दिली, वळसा घालून पुढे आली आणि आबांच्या खांद्यावर एक बोट टेकवलं.

आबांचे हात जागच्या जागी थांबले. त्यांनी वर बघितलं.

"बारकी म्हणाली, खिळा तिचा," वहिनी त्यांच्या तोंडासमोर वाकून एकेक शब्द सुटा करत म्हणाली. "तुम्ही ऐकलं नाहीत. ती तुमच्याकडे बघतेय."

आबा उठले. उठायला त्यांना वेळ लागला. त्यांनी बारकीकडे पाहिलं, मग डॉक्टरबाईंच्या कागदाकडे.

"पोरगी खोटं बोलतेय," ते म्हणाले, गरजेपेक्षा मोठ्या आवाजात. "सातही माझे. मला ऐकू येत नाही. वर्ष होत आलं. माणसांचं तोंडाकडे बघून लागतं मला. खिळ्याला कुठे तोंड असतं?"

अंगणात फक्त पांढऱ्या घोड्याच्या टापा वाजत होत्या. आत्याने ताटली हळूच ऐरणीवर ठेवली. सहा महिने ज्याला ती माज म्हणत होती, तो शब्द आता तिला कुठेतरी लपवायचा होता.

"मला ऐकू आलं होतं, आबा," बारकी म्हणाली.

"पुढे येऊन बोल," वहिनी म्हणाली.

बारकी पुढे आली. "बद्द वाजला होता. मला ऐकू आलं होतं. मी गप्प बसले."

"का?"

"तुम्ही थांबला नाहीत म्हणून."

आबांनी मान हलवली, जणू हे त्यांना नवं नव्हतं. मग डॉक्टरबाईंना आपलं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आणि त्यांनी ते नीट लिहून घेतलं.

दादा बायकोजवळ आला. "कधीपासून माहीत होतं तुला?"

"आठ महिने."

"आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही त्यांना घरी बसवलं असतं."

"बसवलंच असतं."

"म्हणूनच."

त्याला खूप बोलायचं होतं. पण सकाळी आपण आबांच्या पाठीमागे उभं राहून प्रश्न विचारला होता, हे त्याला आठवलं. त्यांनी कोळशाचं उत्तर दिलं होतं, आणि त्यावरून आपण तीन तास एका मुलीला गुन्हेगार ठरवून ठेवलं होतं. तो भट्टीकडे गेला, निखारे पसरून टाकले आणि परत आला. डॉक्टरबाई खुरात औषध सोडून फडकं बांधत होत्या.

"हिला पुन्हा नाल मारायचा तेव्हा कोण मारेल?" त्यांनी विचारलं. "तेही लिहायचंय मला."

सगळ्यांनी दादाकडे पाहिलं.

"बारकी," तो म्हणाला. मग ओशाळून पुढे म्हणाला, "तिला ऐकू येतं."

गाडी गेली. आबांनी तासलेली हातोडी उचलली आणि पांढऱ्या घोड्याकडे चालू लागले. त्याचा उजवा पुढचा पाय राहिला होता. दादा त्यांना अडवायला पुढे झाला तर आत्याने त्याची बाही धरली.

"हा क्लबचा नाही," ती म्हणाली. "जाऊ दे त्याला."

वहिनी सवयीने घोड्याच्या मानेशी जाऊन उभी राहिली. आबांनी खूर गुडघ्यांत घेतला, दादाने घडवलेला नाल बसवून पाहिला, कानशीचा एक हात दिला, पुन्हा बसवला. पहिला खिळा टेकवला आणि खांद्यावरून मागे बघून म्हणाले, "बोट नको." मग बारकीला खुणेने समोर बसवलं, जिथून तिचं तोंड दिसेल.

"तू सांगायचं. ओरडू नकोस. ओरडलीस की ओठ वेडेवाकडे होतात."

ती समोर उकिडवी बसली. पहिला खिळा गेला. "टणक," ती म्हणाली. दुसरा. "टणक." तिसरा, चौथा, पाचवा. प्रत्येक वेळी आबा तिच्या तोंडाकडे बघायचे, पुढचा खिळा घ्यायचे. त्यांचा हात बघून कुणीही म्हणालं असतं की या माणसाला काही झालेलं नाही. दादालाही क्षणभर तसंच वाटलं, आणि आपल्याला आठ महिने काही कसं दिसलं नाही ते समजलं.

सहावा. पहिला ठोका टणक. दुसरा बद्द.

आबांची हातोडी तिसऱ्यासाठी वर गेली होती. भास असेल, असं बारकीला परवासारखंच वाटलं. तिने त्यांच्या डोळ्यांत बघितलं.

"बद्द," ती म्हणाली. "थांबा, आबा."

हातोडी वरच राहिली. आबांनी तिच्या ओठांकडे पाहिलं, ती पुन्हा म्हणाली, आणि त्यांनी खिळा उपटून काढला. टोक अंगठ्याने पुसलं. कोरडं होतं, अजून लागलं नव्हतं. मग त्यांनी हातोडी हातातल्या हातात फिरवली आणि दांडा तिच्याकडे केला.

"आता तू मार."

"आणि तुम्ही?"

ते उठून चालायला लागले होते आणि तिचं तोंड त्यांना दिसत नव्हतं. त्यांनी वहिनीच्या हातातली दोरी घेतली, घोड्याच्या मानेवर तळहात ठेवला आणि मग बारकीकडे वळून उभे राहिले. तिने खूर गुडघ्यांत घेतला, नवा खिळा टेकवला. पहिला ठोका पडल्यावर तिने मान वळवून वर पाहिलं, तर आबा तिच्या तोंडाकडेच बघत होते.

"टणक," ती म्हणाली.